राजीनाम्यावर सही

मिऱ्याएवढा शिशाचा छर्रा. पँटच्या खिशात, रुमालाच्या घडीत, बोटाला सापडतो आणि पुन्हा निसटतो... रविवारी पहाटे मेलेलं बदक त्याच्या हातात दिलं गेलं, तेव्हा ओल्या पिसांतून हा तळहातावर उतरला, आणि गोपाळकृष्णाने तो फेकायच्या ऐवजी खिशात टाकला. कशाला? दिलं-घेतलं त्याची पोच ठेवायची बँकेतली खोड, दुसरं काय. नाहीतर या शिकारीच्या भानगडीत त्याचं येणं ते केवढं होतं — एक टेलिफोन. नानाखेड्याच्या भाड्याच्या घरात, सगळी रांग ओलांडून, शैलेंद्ररावांच्या शब्दावर. वर जीपमधली पुढची सीट. आणि मिरजेहून बदलून आल्यापासून या गावात पहिल्यांदाच कोणीतरी 'गोपाळराव' म्हणालं होतं, तेही धरावं लागेल. शैलेंद्ररावांचं येणं मोठं: सोयाबीन तेलाचा कारखाना काढायचा होता आणि त्याच्या कर्जाची फाईल गोपाळकृष्णाच्या टेबलावर होती. हल्ली सगळेच कारखाने काढत होते. जो तो आपापल्या हिशेबात खूश. बदकांना कोणी विचारलं नव्हतं.

बायकोला, शोभाला, सांगितलं होतं, महाकाळाच्या भस्मारतीला जातो. इतक्या पहाटे घराबाहेर पडायला या गावात दुसरं कारणच लागत नाही. परतताना देवळाजवळ पेढे घेतले, तिने ते डोळ्यांना लावले, "गर्दी होती का?" — "होती." होतीच की. तळ्यावर पाण्याला बूड टेकायला जागा नव्हती इतकी बदकं, धुक्यात नुसता कुजबुजल्यासारखा आवाज, आणि काठाला सरकारी पाटी: शिकार करना मना है. शैलेंद्ररावांनी त्याच पाटीला बंदूक टेकवून थर्मास उघडला होता. "आजोबांच्या वेळेपासून आम्ही इथे येतो, गोपाळराव. आधी रीतसर परमिट मिळायचं, दोन वर्षं झाली, तेही बंद केलं. आता तळं सरकारी, ही मुर्गाबी बदकं सरकारी, बंदूक तेवढी आमची राहिली!" आणि गोपाळकृष्ण हसला होता. पालीलाही झाडूने हळूच बाहेर लोटणारा माणूस, पण हसला होता — कारण चहा गरम होता, आणि सीट पुढची होती.

मग बार. मग सगळं पाणीच उठून उडाल्यासारखं. मग दुसरा बार, खाली, पाणकणसांच्या रोखाने, आणि तिथून माणसाचा आवाज...

"साहब."

गोपाळकृष्ण खुर्चीतच दचकला. समोर शैलेंद्ररावांचे मुनीमजी. खाली बँकेच्या दारात देवास गेटचा गलका, आणि हा माणूस त्यातून मांजरासारखा आला होता. टेबलावरच्या डबीतली एक टाचणी त्यांनी न विचारता उचलली आणि तिच्या बोंडाने कान कोरू लागले.

"वो तालाब का चौकीदार, भेरूलाल. थाने हो आया है. जीप पहचान ली उसने. बोलता है, साथ में एक चश्मेवाले साहब थे." थोडं थांबून, "घबराने का नहीं. राजीनामा तैयार है. बस, आपके दस्तखत चाहिए. शाम को कोठी पे आ जाना." टाचणी पुसून त्यांनी डबीत परत ठेवली. प्रामाणिक माणूस.

राजीनामा.

माझा राजीनामा? टाईपसुद्धा करून ठेवला? — म्हणजे मॅनेजरसाहेबांना ठाऊक आहे, म्हणजे वरपर्यंत ठाऊक आहे. 'घरगुती कारणांमुळे' असं लिहिलं असेल. बरोबरच आहे, डोकं आहे शैलेंद्ररावांना: बँकेचा अधिकारी शिकारीत सापडला तर कर्जाची फाईल उघडणार, चौकशी होणार; आणि नोकरीतच नसला तर? तर तो नुसता एक चश्मेवाला. कुठेही टाकून देता येईल असा. गोळी त्यानेच झाडली, असंही म्हणता येईल... झरोक्यात कबुतरांनी पंख फडफडवले आणि त्याने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. तळ्यावरून जीप वळली तेव्हा त्याने मागे पाहिलं होतं. खाकी स्वेटरमधला माणूस, एक हात डोळ्यावर, बोटांमधून काळं काहीतरी. तो पळत नव्हता. शिवी देत नव्हता. उरलेल्या डोळ्याने बघत होता — जीपकडे नव्हे, माझ्याकडे. मी 'थांबा' म्हणालो होतो. म्हणालो होतो का? ओठ हलले होते एवढं नक्की. मागच्या सीटवर भैरवगढच्या छापील चादरीत बदकं बांधलेली होती, आणि लाल रंग छापाचा कुठला नि दुसरा कुठला, ते कळत नव्हतं. तशीच चादर आमच्या पलंगावर आहे. दोन रात्री मी तिच्यावर कुशी बदलतो आहे.

जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला नाही. शेजारच्या टेबलावर सुनंदाताई. त्यांचं घराणं कोणा सरदाराबरोबर इकडे आलं ते इथलंच होऊन गेलं. त्यांना विचारावं... पण सगळं नको.

"सुनंदाताई, समजा कोणी राजीनाम्यावर सही केली, तर मागाहून फिरवता येते का हो?"

"एकदा दस्तखत झाले की झाले." त्यांनी पोळीचा तुकडा मोडला. "का? कोणाशी झगडा झाला तुमचा?"

"माझा? छे! कोणाशी नाही."

"मग राजीनामा कशाचा? झगड्याशिवाय कोणी करतं का राजीनामा?" त्या हसल्या. "आणि चेहरा बघा जरा आरशात. कुत्रं मागे लागल्यासारखा झालाय."

म्हणजे यांनाही ठाऊक आहे. सगळ्या शाखेला ठाऊक आहे. शिपायाने पाणी ठेवलं तेही न बघता ठेवलं — रोज बघतो का? आठवेना. मुलीची, तेजस्विनीची, शाळा, घरमालक, मिरजेहून वडिलांचं पत्र येईल त्यातली पहिली ओळ... शोभाला आत्ता कळवावं तर घरी फोन नाही. याचं हसू येईना.

पण भीतीलाही तळ असावा. चारच्या सुमाराला, फाईलीवर शिक्का मारता मारता, त्याचे पाय त्या तळाला लागले. नोकरी जायचीच असेल, तर आता घाबरायचं कोणासाठी? तो थेट ठाण्यात जाईल. वाक्यसुद्धा तयार झालं, हिंदीत, व्याकरणासकट: गोली उन्होंने चलाई. मैंने देखा. त्याने ते मनात पुन्हा म्हटलं. नोकरी नसलेला तो माणूस त्याला आवडू लागला, त्याचा चेहरा कसा दिसेल, तो कसा चालेल... संध्याकाळी शैलेंद्ररावांच्या कोठीच्या पायऱ्या चढेपर्यंत तो माणूस त्याच्या शेजारून चालत होता.

दिवाणखान्यात, दाराशी, चपलांजवळ भेरूलाल बसला होता. अर्ध्या तोंडाला पट्टी. शैलेंद्ररावांनी स्टँप पेपर पुढे केला.

"या गोपाळराव. इथे, साक्षीदार म्हणून."

वर ठळक हिंदीत लिहिलेलं: राजीनामा. खाली — दोन्ही पक्ष राजीखुशीने... तळ्यावर कोणी बंदूक चालवली नाही... शेतातली पाखरं उडवायचा फटाका डोळ्याजवळ फुटला... प्रार्थी की अब कोई शिकायत नहीं. निळा अंगठा आधीच उमटलेला.

"हा... माझा नाही?"

"तुमचा कसा? तुमचं काय भांडण?" मग शैलेंद्ररावांच्या ध्यानात आलं, आणि ते मांडीवर थाप मारून हसले. "अहो, तुम्ही इस्तीफा समजलात! मुनीमजी, सुना? साहब सुबह से नौकरी छोड़ के बैठे हैं! गोपाळराव, आमच्याकडे राजीनामा म्हणजे तडजोड. राजी होणं. तुमची नोकरी कोण मागतंय? उलट उद्या लाईनमन येतोय तुमच्याकडे."

मुनीमजी हसले. सगळे हसतात म्हणून भेरूलालही हसला, पट्टीबाहेरच्या अर्ध्या तोंडाने. शाळा, भाडं, वडिलांचं पत्र, सगळं जागच्या जागी येऊन बसलं, इतकं गोड, की गोपाळकृष्णालाही हसू फुटलं.

"साहब," भेरूलाल म्हणाला. "अँगूठा तो लगा दिया मैंने. इंदौर के डॉक्टर ने बोल दिया, आँख गई. आपसे कुछ माँगता नहीं. बस इतना बता दो... घरवाली भी बोलने लगी है कि पटाखा ही होगा. बंदूक थी ना? आपने तो देखा था."

वाक्य तयार होतं. व्याकरणासकट. ते जिभेच्या मागे आलं आणि तिथे उभं राहिलं, कारण ते बोलणारा माणूस, तो नोकरी नसलेला, पायऱ्यांवरच कुठेतरी मागे राहिला होता.

"चहा निवतोय, गोपाळराव."

डावा हात खिशात. छर्रा बोटाला लागला. उजव्या हातात टोपण काढलेलं पेन, आणि दिवसभर पाण्याचा पेला धरू न शकलेला तो हात आता मुळीच थरथरत नव्हता. त्या हाताकडे बघता बघता त्याला भीती वाटली — सकाळची नव्हे. ती कोणाची तरी होती, पोलिसांची, साहेबांची. ही बाहेरच्या कोणाची नव्हती, त्या हाताचीच होती. एक डोळा अजून वर बघत होता. या हिशेबात बदकांनी जीव भरला. भेरूलालने डोळा भरला. शैलेंद्ररावांनी स्टँप पेपर भरला. आणि मी... मला फोन लागणार आहे, आणि मी अजून काहीच भरलेलं नाही.