कै. गेनबा आणि श्री. मच्छिंद्र

सत्तरी ओलांडलेल्या गेनबाला आपण मेल्याचं शनिवारी सकाळी दूध आणायला गेल्यावर कळलं. वाघोलीच्या चौकात भलाथोरला फ्लेक्स लागला होता. त्यावर त्याचा तरुणपणीचा, लष्करी गणवेशातला फोटो, फोटोला छापील हार आणि खाली 'वीर हुतात्मा कै. गेनबा हरगुडे यांना भावपूर्ण श्रद्धांजली'. मिशी मात्र झकास आली होती.

घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं. सरुबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "बरं झालं. आता तरी तीन-तीनदा च्या मागू नका."

गेनबा तरातरा फ्लेक्स लावणाऱ्या मंडळाच्या कचेरीकडे निघाला. दसऱ्याआधीच्या रविवारी हे मंडळ दरवर्षी युद्धात कामी आलेल्यांना श्रद्धांजली वाही आणि माजी सैनिकांचा सत्कार करी. गेनबाकडे अशा अकरा शाली साठल्या होत्या आणि एकीतही ऊब नव्हती. त्याचं भांडण वेगळंच होतं. त्याच्या तुकडीतला, याच गावचा मच्छिंद्र एकाहत्तरच्या लढाईत बेपत्ता झाला, तो आजतागायत. त्याची बायको मुक्ताबाई अजून कुंकू लावते आणि दरवर्षी कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसते. पण मच्छिंद्रचं नाव कोणी घेत नाही. अध्यक्ष दिगंबरराव म्हणत, "हुतात्म्यांत घ्यायला कागद नाही, माजी सैनिकांत घ्यायला माणूस नाही. मी करू काय?" तरी गेनबा दरवर्षी अर्ज देई. यंदाही दिला होता, वर आपला तोच गणवेशातला फोटो चिकटवून.

कै. गेनबा दारात उभे बघून दिगंबरराव ओशाळले. "अहो, तुमचा अर्ज तसाच छापखान्यात गेला. दोन नावं आहेत आणि त्यातला एक जण आता नाही, एवढंच तिथल्या पोरीला कळलं."

"मग मच्छिंद्र कुठं हाय?"

दिगंबररावांनी पत्रिका पुढे केली. सत्कारमूर्तींत सगळ्यात वर छापलं होतं, 'श्री. मच्छिंद्र भाडळे'.

"आत्ता दुरुस्त करतो. त्यांचं काढतो, तुमचं घालतो."

गेनबा पत्रिकेकडे बघतच राहिला. अठ्ठेचाळीस वर्षांत ते नाव छापलेलं तो पहिल्यांदा पाहत होता, आणि तेही 'श्री.' लावून.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला.

"अहो, पण आपण जिवंत आहात!"

"त्याचा येवढा काय बाऊ करायचा?"

रविवारी हुतात्म्यांसाठी दोन मिनिटं शांतता पाळली. गेनबाही ताठ उभा राहिला. शेजारचा दत्तोबा कुजबुजला, "आरं, तू तर..."

"गप ऱ्हा. माझी श्रद्धांजली चाललीय."

मग निवेदिकेने पुकारलं, "श्री. मच्छिंद्र भाडळे यांनी मंचावर यावं." कोणी उठेना. तिने पुन्हा पुकारलं.

पहिल्या रांगेतून मुक्ताबाई उठली. पदर सावरत पायऱ्या चढली आणि माइकपाशी गेली.

"त्येंला यायला उशीर हाय," ती म्हणाली. "आणा हिकडं. आलं की देते."

टाळ्या वाजवायचं कोणाला सुचलं नाही. शालीची घडी न मोडता, ती पोटाशी धरून मुक्ताबाई खाली उतरली.

गेनबाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याने ते पुसलं नाही, मेलेल्या माणसाकडे कोण बघतंय? पुढच्या वर्षीही आपण मेलेलंच राहायचं, हे त्याने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.