उदाहरणाचा मान

मित्रांनो, मी एक जुना कूलर आहे. आताचे ते प्लॅस्टिकचे, गोंडस, चाकांवर फिरणारे असतात ना, त्यातला नव्हे. मी पत्र्याचा. नागपूरच्या महाल भागातल्या एका गल्लीत मला ठोकून ठोकून घडवलं, हिरवा रंग फासला, तिन्ही बाजूंना वाळ्याच्या ताट्या लावल्या आणि हुडकेश्वरच्या दामिनी मॅडमच्या क्लासमध्ये खिडकीशी आणून उभं केलं. मॅडम बी.ए.च्या मुलांना इंग्रजी साहित्य शिकवतात. मे महिन्यात नागपुरात साहित्य जाऊ द्या, माणसाला स्वतःचं नाव आठवत नाही. क्लास चालायचा तो माझ्या जिवावर, हे मी उगाच सांगत नाही.

पहिल्याच उन्हाळ्यात माझं नशीब उघडलं. मॅडम 'पर्सॉनिफिकेशन' शिकवत होत्या. निर्जीव वस्तूला माणसासारखं बोलतं करायचं, हसवायचं, रुसवायचं, असा तो अलंकार. पोरांच्या डोक्यात काही शिरेना. साहिल म्हणाला, "मॅडम, वारा काहून कुजबुजंल? त्याले काय तोंड आहे?"

मॅडमनी इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या पत्र्यावर थाप मारली. "वारा राहू दे गा. हा आपला कूलर पाहा. सकाळपासून कुरकुर करून राहिला. तहान लागली की खोकतो, पाणी पाजलं की गप्प बसतो."

वर्ग हसला आणि अलंकार समजला. तेव्हापासून दर वर्षी पर्सॉनिफिकेशनचं उदाहरण मीच. माझ्या पंख्याची खडखड ओनोमॅटोपियाला, म्हणजे आवाजाची नक्कल करणाऱ्या शब्दांना, कामी आली. हायपरबोलीसाठी, म्हणजे अतिशयोक्तीसाठी, साहिलनं लिहिलं की या कूलरच्या आवाजानं पार शहराबाहेर वाडीच्या गोदामांवरचे ट्रक थांबतात. परीक्षेतसुद्धा पोरं मलाच लिहून येत. छाती फुगायची माझी. फळा बिचारा जन्मभर तिथेच टांगलेला, पण त्याला कोणी विचारलं नाही.

आणि मग आला तो एसी. पांढराशुभ्र, भिंतीवर उंच चढून बसलेला. आल्या आल्या त्याला हळदीकुंकू, हार. त्याला पुसायला मऊ फडकं. माझ्यावर कधी मऊ फडकं फिरलं असेल तर शपथ. मला उचलून मागच्या गॅलरीत ठेवलं, टाकीत कांदे भरले आणि डोक्यावर पायपुसणी वाळत घातली. मी जळलो, मित्रांनो. लपवून काय करू? अख्ख्या क्लासला थंडावा देणारा मी, आणि आतून असा जळत होतो. मॅडमच्याच भाषेत याला आयरनी म्हणतात.

रोज खिडकीला कान लावून उभा असायचो. एसी बिघडो, निदान त्याचा रिमोट तरी हरवो, एवढंच मागणं होतं. तो मेला बिघडेना.

यंदा मे महिन्यात एका दुपारी मॅडमना फोनवर बोलताना ऐकलं, "भाऊ, संध्याकाळी या आणि गॅलरीतला कूलर भंगारात घेऊन जा." माझ्या पायाखालचं स्टँडच सरकलं. पण खरा घाव पुढे होता. क्लास भरला आणि मॅडम म्हणाल्या, "आज पर्सॉनिफिकेशन. आपल्या एसीवर एकेक वाक्य लिहा." माझी जागा घेतली, ती घेतली. आता माझं उदाहरणही त्यालाच?

पोरं पेन चावत बसली. एसी ना कुरकुरतो, ना खोकतो. कोणी लिहिलं, तो थंड आहे. कोणी लिहिलं, तो महाग आहे. मॅडम वैतागल्या, "अरे, यात माणूस कुठे आहे?" तेव्हा खिडकीजवळची गोपिका उभी राहिली. वाडीला गोदामांच्या मागे भाड्याच्या खोलीत राहणारी, कमी बोलणारी पोरगी. तिनं आपलं वाक्य वाचलं. जुना कूलर गॅलरीत पाठ फिरवून रुसून बसला आहे.

"हे खरं पर्सॉनिफिकेशन," मॅडम खूश झाल्या. "बस वं आता."

गोपिका बसली नाही. "अलंकार नाही हा, मॅडम. तो खरंच रुसून राहिला. तुम्ही येऊन पाहा ना."

मॅडम गॅलरीत आल्या. उन्हानं तापलेल्या माझ्या पत्र्यावर हात ठेवला आणि झटकन काढला. मग डोक्यावरची पायपुसणी उचलली, टाकीतले कांदे काढले. "आणि मी याले भंगारात देऊन राहिली होती," त्या हळूच म्हणाल्या.

"मले द्या मॅडम," गोपिका म्हणाली. "आमची खोली टिनाची आहे. बाबाची नाइट ड्युटी असते, दुपारी झोप नाही लागत त्यायले."

आता मी वाडीत आहे. नव्या ताट्या लागल्या आहेत. दुपारी बाबा घोरतात, मी खडखडतो आणि आमच्या दोघांच्या वर आवाज काढून गोपिका अलंकार पाठ करते. ती सांगते, मॅडम अजूनही उदाहरण माझंच देतात. तेही एसीच्या खाली उभं राहून! हे मी तिला पुन्हा पुन्हा सांगायला लावलं असतं, पण मला बोलता कुठे येतं?

मात्र शेजारच्या खोलीत परवा रिमोटचा नवा कूलर आला आहे. माझी खडखड जरा वाढली असेल तर समजून घ्या.

मित्रांनो, नवी वस्तू जरूर आणा. आमचं काही म्हणणं नाही. खोटं बोललो, आहे. पण जुन्याच्या टाकीत कांदे भरण्याआधी एकदा ताट्या बदलून, पाणी घालून पाहा. आणि तुमच्याही गॅलरीत कोणी पाठ फिरवून उभं असेल, तर अलंकार म्हणून सोडून देऊ नका.