तळव्याची जाग

प्रशिक्षण देणाऱ्या बाईंनी टेबलावर धातूचे एक नळकांडे ठेवले आणि ही वस्तू शाळेच्या आसपास कोणाच्या दृष्टीस पडली आहे काय, असे विचारले. कापेल आन डेन आयसेल या डच गावातील त्या माध्यमिक शाळेचे शिक्षक एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या श्रीधर वैशंपायनांनी मात्र ते तत्काळ ओळखले. सायकली लावण्याच्या जागेमागील गवतात तसली नळकांडी त्यांनी अनेकदा पाहिली होती, आणि पाहूनही न पाहिल्यासारखे केले होते.

विद्यार्थ्याची नशा कशी ओळखावी व ओळखल्यावर कसे वागावे, याचे ते प्रशिक्षण होते. बाई सांगत होत्या, की या नळकांड्यातला लाफिंग गॅस मुले फुग्यात भरून ओढतात. तोंडाला वास येत नाही, त्यामुळे घरचे निर्धास्त राहतात. परंतु हा वायू शरीरातील बी-ट्वेल्व्ह निकामी करतो. हातापायांना मुंग्या येतात, वस्तू हातातून निसटतात, चाल अडखळते. आणि वेळीच उपचार न झाल्यास पाय कायमचे जाऊ शकतात. ज्यांच्या अंगी ते जीवनसत्त्व मुळातच कमी, त्यांना धोका अधिक.

गेल्या शनिवारी गणेशोत्सवाच्या लेझीम-तालमीत आर्याच्या हातून लेझीम निसटली होती. दोनदा ती अडखळली होती आणि सगळ्यांसमवेत तेही हसले होते.

आर्या त्यांच्याच शाळेत शिकत होती. तिची आई आसावरी ही श्रीधरांची रक्ताची बहीण नव्हे. परंतु परमुलखात जोडलेली नाती कधी कधी रक्ताहूनही घट्ट होतात. डेल्फ्टमध्ये दोघेही विद्यार्थी असल्यापासून ती त्यांना दरवर्षी भाऊबीजेला ओवाळत आली होती.

दुपारी संवादाचा सराव झाला. श्रीधरांनी विद्यार्थ्याची भूमिका घेतलेल्या सहकाऱ्याला लागलीच उपदेश आरंभला. बाईंनी त्यांना थांबवले. प्रश्न विचारण्याआधीच तुम्ही उत्तर देऊन मोकळे झालात, असे त्या म्हणाल्या. विचारावे आणि गप्प बसावे. आणि गुपित राखण्याचे वचन कदापि देऊ नये.

संध्याकाळी फोरबर्गच्या सभागृहात तालीम होती. श्रीधर पोहोचले तेव्हा आर्या रांगेत नव्हती. दमली म्हणून बाहेर बाकावर बसली होती. त्यांनी आसावरीला सहज विचारल्यासारखे विचारले.

"अरे दादा, बी-ट्वेल्व्ह कमी आलंय तिचं," आसावरी म्हणाली. "आपण पडलो घासफूस खाणारे. गोळ्या सुरू केल्यात. तू नको तोंड पाडूस, मास्तर."

क्षणभर श्रीधरांना हायसे वाटले. किती सोज्ज्वळ कारण होते ते! त्याच्या आड दडून राहावे, मुलीचे नाव, बहिणीचा विश्वास, सारे शाबूत राहील, असा मोह त्यांना झाला. पण ज्यांच्या अंगी हे जीवनसत्त्व मुळातच कमी त्यांना धोका अधिक, हे बाईंचे वाक्य त्यांना आठवले. आसावरीने धोक्याचे निम्मे कारण स्वतःच्या तोंडाने सांगितले होते.

ते बाहेर जाऊन आर्याच्या शेजारी बसले.

"पायांना काय होतंय तुझ्या?"

एवढे विचारून ते गप्प बसले. आतून हलगीचा ठेका येत होता. गेली कैक वर्षे वर्गात शांतता राखणाऱ्या श्रीधरांना ही शांतता सोसवेना. आपण चुकलो तर? आणि चुकलो नसलो तर?

"तू आत्ता मामा आहेस, की मेनेर?" आर्याने विचारले. शाळेत ती त्यांना इतरांप्रमाणे मेनेर, म्हणजे सर, असेच म्हणे.

"मामा असतो तर आत्ताच तुझ्या आईला सांगून टाकलं असतं."

"मग नाही ना सांगणार? प्रॉमिस?"

होकार अगदी ओठांवर आला होता. तो गिळताना त्यांना फार यातना झाल्या.

"प्रॉमिस नाही देत. आजच्या आज डॉक्टरकडे जायचंय. आईला तू सांग, मी शेजारी उभा राहतो."

"ती मला पुण्याला पाठवेल." मुलगी आधी इंग्रजीत, मग डचमध्ये बोलत राहिली, सगळेच करतात, फक्त फुगेच तर असतात, असे काहीबाही. शेवटी तिची भाषाच सरली. मग हळूच मराठीत म्हणाली, "मामा, मला जमीन लागतच नाहीये रे पायाला."

श्रीधरांनी हात पुढे केला. ती उठली आणि दोघे सभागृहाकडे चालू लागले. थोडे पुढे गेल्यावर त्यांनी सहज मागे पाहिले. तिची एक चप्पल वाटेतच राहिली होती. आर्या ओल्या फरशीवर अनवाणी पाऊल टाकीत चालली होती, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

"थांब गं," ते म्हणाले.

चप्पल आणून ते तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. भाचीने मामाच्या पाया पडायचे नसते, मामानेच भाचीच्या पडायचे. म्हणून दर भाऊबीजेला ते तिच्या पावलांना हात लावीत. बोट तळव्याला लागताच चिमुरडी आर्या खिदळून पाय ओढून घेई.

दारात आसावरी येऊन उभी राहिली होती. "हे काय दादा, भाऊबीज आजच उरकतोयस?" ती हसून म्हणाली.

श्रीधरांनी मान वर केली नाही. त्यांनी आर्याच्या थंडगार तळव्यावर अंगठा फिरवला आणि वाट पाहिली. पाऊल त्यांच्या हातात तसेच राहिले.

"आई," आर्या म्हणाली, "इकडे ये ना."