सासूबाईंचं कडवं

गुरुबसप्पा मूळचा बार्शीचा, सोलापुरात मिलमध्ये कारकून, घरी मराठी बोलणारा. बायको गौरव्वा मात्र अक्कलकोटपलीकडच्या कानडी मुलखातली. पहिल्या दिवाळसणाला हे जावईबापू सासरी गेले. कानडीत बेकू म्हणजे हवं आणि साकू म्हणजे पुरे, एवढे दोनच शब्द शिकून गेले होते, तेही ऐन वेळी उलटे झाले. सासूबाई नागव्वा पोळी घेऊन आल्या की हे हात आडवा धरून "बेकू, बेकू!" म्हणून ओरडायचे. अकरा पुरणपोळ्या पोटात गेल्या.

गुरुबसप्पाला गाणी रचायचा नाद; त्याने या फजितीचंच गाणं केलं. गणपतीच्या मेळ्यात ते असं गाजलं की मुंबईच्या ग्रामोफोन कंपनीने तबकडी काढली. शेवटच्या कडव्याला हटकून हशा पिकायचा:

अकराव्या पोळीला सासू रडली,
"पोरी, दादला न्हवं, दुष्काळ आणलास!"

नागव्वा रडलीबिडली नव्हती. अकरावी पोळी तिच्या वाटणीची होती; ती वाढून ती माउली पाणी पिऊन झोपली. पण खरं सांगून हसतंय कोण? तबकडी तिच्या गावच्या चहाच्या दुकानात पोचली, कुणीतरी कडव्याचा अर्थ फोडून सांगितला आणि पोरंटोरं तिला 'दुष्काळव्वा' म्हणू लागली. तिने लेकीचा उंबरा सोडला. लेकीच्या बाळंतपणालाही फिरकली नाही.

तीन वर्षांनी मुंबईच्या रेडिओचं बोलावणं आलं, तेव्हा गौरव्वा म्हणाली, "तितं तरी खरं म्हणा."

"अगं, गाणं हाय ते. कोर्टातली साक्ष न्हाय."

"माजी आई उपाशी निजली. त्यात हसण्यासारकं काय हाय?"

ती रडली असती तर त्याने समजूत घातली असती. ती शांतपणे बोलली, तेच त्याला झोंबलं. रेडिओवर त्याने कडवं बदललं:

अकरावी पोळी सासूच्या वाटची,
उपाशी निजली, बोलली न्हाय.

ऐकणाऱ्या रेडिओच्या साहेबाचा चेहरा पडला. पुन्हा बोलावणं आलं नाही. त्याचं गुरुबसप्पाला वाईट वाटलंच, पण खरी हळहळ निराळी होती. नागव्वाच्या गावात रेडिओच नव्हता! खरं एकदाच हवेत गेलं आणि विरलं. खोटं तिथे रोज किल्ली देऊन वाजत होतं.

मग एका बाजाराच्या दिवशी पेटी घेऊन तो स्वतःच तिथे गेला. चहाच्या दुकानासमोर बसून त्याने गाणं म्हटलं. नवं कडवं बायकोकडून कानडीत घोकून आणलं होतं. गर्दी खवळली. "जुनं म्हणा! सासू रडू द्या की!"

त्याने पुन्हा नवंच म्हटलं. शिट्ट्या झाल्या. कुणी शेंगांची टरफलं फेकली. तो घामाघूम झाला, पण पेटी त्याने मिटली नाही.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत नागव्वा पुढे आली. डोईवरची पाटी तिने खाली ठेवली. त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. लोकांकडे वळून तिने कानडीत खडसावलं,

"गप बसा. माझा जावई गातोय."