कोंडजाईतलं सातवं घर

मार्गशीर्षातली दुपार. ओढ्यातल्या त्या खोल कोंडावर ऊन उतरलं होतं. हळदुलं, हळवं, हिवानं थरथरणारं ऊन. काठच्या करंजाची पानं निःशब्द गळत होती. कोंडजाई त्या कोंडाचं नाव. निळासावळा, नितळ, निरागस; एकदा एक माणूस गिळूनही निरागस. काठावर कुमुदिनी उभी होती. अकरा वर्षांनी ती इथे आली होती.

अकरा वर्षांपूर्वी तिचा नवरा, दिनकर, इथेच बुडाला. कीटकांचा वेडा माणूस. शेवाळलेल्या दगडावरून पाय सटकला आणि संपलं. खिशात काचेची एवढीशी कुपी सापडली, न फुटलेली. आत अल्कोहोलात एक कॅडिस होता: पाण्यात वाढणारा, पतंगासारखा, लवदार पंखांचा नर. सोबत कागदाची चिठ्ठी. शिसपेन्सिलीची, कारण शाई अल्कोहोलात विरते. स्थळ, तारीख, नाव. दिनकरचं ते शेवटचं अक्षर.

ही जात जगाला अज्ञात आहे, हे कुमुदिनीनं पहिल्याच वर्षी ओळखलं होतं. तीही त्याच विद्येतली. पण वर्णन छापायचं तर कुपी चिठ्ठीसकट संग्रहालयाला द्यायची, कायमची. तिनं कुपी कपाटात ठेवली आणि मूग गिळून बसली. कीटक अनाम, बाई अबोल. कपाट उघडलं की मागे ओली पावलं वाजल्याचा भास व्हायचा, आणि खरं सांगायचं तर तो भास तिला हवा होता.

शेवटी सासूच बोलली. माई, ऐंशीच्या, तोंडानं फटकळ.

"अगं, माझ्या पोराला किती वर्षं बाटलीत कोंडून ठेवणार आहेस? लिही काय ते."

मग तिनं लिहायला घेतलं. पंख ताम्रवर्णी, त्यांवर धूसर सोनेरी लव. शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, पंखांहून दीर्घ. पायांवर काटे: पुढे दोन, मध्ये चार, मागे चार. एकेक अवयव न्याहाळताना तिला तो दिवस आठवायचा. असाच एक देह तिनं इथल्या कातळावर न्याहाळला होता, मनगटावरचा तीळ पाहिला होता, आणि पोलिसांना म्हणाली होती, हो, हेच.

पण अळीवाचून वर्णन अपुरं होतं. ही अळी तळाशी वाळूचे कण रेशमानं सांधते, त्याचं नळीसारखं घर बांधते आणि घर अंगावर घेऊनच हिंडते. त्या अळीसाठी ती आज आली होती. सात घरं मिळाली. कोंडाच्याच पाण्यात ठेवून ती तिनं घरी नेली.

सहा घरं काळ्या वाळूची होती. सातव्यात एक कण हिरवा होता.

भिंगाखाली तो हिरवा कण पेटला. गुळगुळीत, किंचित बाकदार, कडेला सोन्याची पुसट रेघ. असला दगड त्या डोंगरात नाही, हे तिला माहीत होतं. माईंनी भिंगाला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"बांगडीची काच आहे गं ही," त्या म्हणाल्या. "वटपौर्णिमेला मीच भरल्या होत्या तुला. आणि दहाव्याला त्याच कोंडावर मीच फोडायला लावल्या. चुकलं गं माझं."

कुमुदिनीनं त्यांचा हात धरला. दोघींची मनगटं रिकामी होती. अकरा वर्षं न आलेलं रडू आलं, आणि तिनं ते येऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी वर्णन पुरं झालं. कीटकाला नाव दिलं कोंडजाईचं. संग्राहक म्हणून दिनकरचं नाव लिहिलं, तारीख लिहिली. पाहिलेली घरं: सात. संग्रहालयाला दिलेली: सहा. कुपी तिनं कापसात गुंडाळली, चिठ्ठीवरचं अक्षर काचेतून एकवार वाचलं, आणि खोकं बंद केलं.

मग ती पुन्हा कोंडावर गेली. पुन्हा तेच ऊन, हळदुलं, हळवं. ओंजळ पाण्यात बुडवून तिनं सातवं घर अलगद सोडलं. अळीनं डोकं बाहेर काढलं, थोडी थबकली, चालू लागली. काळ्या वाळूवरून हिरवा कण हलत हलत निघाला. खोल, आणखी खोल, दिनकर गेला होता तिकडे, तिचा चुडा चालत गेला.