उजव्या बाजूचा श्वास

त्या रविवारीही एगॉनने धक्क्यावरून हाक मारली ती नेहमीसारखी खेकसूनच.

"अगं, डोकं बुडव! पोहायला आलीयस की पाणी बघायला?"

"बर्फ आहे बाबा हे. तू उतर की."

"मी चाळीस वर्षं फेरीबोटीवर काढली, पाण्यात न पडता. आता कशाला पडू? चल, लाल बोयापर्यंत."

सिसेलने डोकं बुडवलं. मे महिना होता, तरी फ्योर्डच्या पाण्याने कपाळात कळ गेली. तीन हात मारायचे, की उजवीकडे मान वळवून श्वास घ्यायचा. दर वेळी मान वळली की काठाने तिच्याच वेगाने चालणारा बाप दिसायचा. डोक्यावर निळी टोपी, हातात घड्याळ आणि तोंड सारखं चालू. काय बोलतोय ते ऐकू येत नसे. बोलतोय एवढं दिसायचं.

पाण्यावर तरंगणाऱ्या त्या बोयापाशी ती काठावर यायची आणि दोघं चालत परतायची. तेवढंच अंतर पोहत परत यावं असं दोघांच्याही कधी मनात आलं नाही.

"एप्रिलात दगड होतीस," टॉवेल देत तो म्हणाला. "आता ओंडका झालीस. ओंडका निदान तरंगतो."

"केवढं हे कौतुक!"

"ऑगस्टपर्यंत बघू. माणूस झालीस तर तेही सांगेन."

आई गेल्यानंतरची बारा वर्षं हा माणूस तिच्याशी जेमतेम चार वाक्यं बोलायचा. दर रविवारी ती गाडीने तासभर येई. राय धान्याच्या काळ्या पावावर खारवलेला हेरिंग मासा, कॉफी, हवापाण्याच्या दोन गोष्टी, आणि मग भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक. जानेवारीत असाच एक रविवार फार लांबला, म्हणून तिने काहीतरी बोलायचं म्हणून सांगितलं, की वाचनालयातल्या बायकांनी तिचं नाव ट्रायथलॉनला घातलंय, पाचशे मीटर पोहणं, वीस किलोमीटर सायकल, पाच किलोमीटर धावणं; ती अर्थातच ते काढून घेणार आहे. एगॉनने काटा खाली ठेवला. "कुठल्या पाण्यात?" त्याने विचारलं. मग प्रवाहाचं विचारलं, सायकलच्या साखळीचं विचारलं. त्या संध्याकाळी त्याने आपण होऊन फोन केला.

तिने नाव काढून घेतलं नाही. पाण्याची तिला लहानपणापासून शिसारी होती, सायकलवर पाठ धरायची, धावताना आपण चोर आहोत असं वाटायचं. पण धक्क्यावरून परतताना एगॉन गोठलेल्या फ्योर्डमध्ये अडकून पडलेल्या बोटीच्या गोष्टी सांगे. एकदा तर आईच्या लग्नाआधीच्या दुसऱ्या मित्राचीही सांगितली, आणि स्वतःच इतका हसला की त्याला बाकावर बसावं लागलं.

मेमधल्या त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी दुपारी, तो अंगणात पडलेला शेजारणीला सापडला. हृदय, डॉक्टर म्हणाले. काहीच कळलं नसेल त्याला.

सिसेल सराव करत राहिली. लोकांना वाटलं, बापासाठी करतेय. ते कानावर आलं की ती मान हलवायची. जूनमध्ये ती गावातल्या पोहण्याच्या क्लबात जाऊ लागली. तिथला प्रशिक्षक प्रेबेन शाळेत गणित शिकवायचा आणि पाण्यातही गणितच बघायचा.

"तू एकाच बाजूने श्वास घेतेस," तो म्हणाला.

"हो."

"कुणी शिकवलं गं हे?"

"वडिलांनी."

प्रेबेन ओशाळला. काठीने त्याने वाळूत स्पर्धेचा मार्ग काढला. "हे बघ, शर्यतीत किनारा डाव्या हाताला येतो. उजवीकडे मोकळं पाणी. लाट तिकडूनच येते. डावीकडे वळायला शिकलं पाहिजे, नाहीतर प्रत्येक श्वासाला पाणी पिशील."

"शिकेन."

"आठ आठवडे आहेत. नाही जमलं तर पुढच्या वर्षी उतर. काही बिघडत नाही."

आठ आठवडे ती रोज उतरली. डावीकडे मान वळवली की शरीर बुडायचं, नाकात पाणी जायचं, आणि ठसका आवरत ती उभी राहायची. जमेल असं एकदाही वाटलं नाही. प्रेबेनने आधी सूचना दिल्या, मग धीर दिला, शेवटी नुसता टॉवेल धरून उभा राहू लागला.

ऑगस्टमधल्या त्या शनिवारी वारा पश्चिमेचा, मोकळ्या पाण्याकडून होता. दोनशे जण एकदम पाण्यात शिरले; मिनिटभरात सगळे पुढे निघून गेले. पहिल्या बोयापर्यंत ती कशीबशी पोचली. मग वळण आलं आणि किनारा डावीकडे गेला. तिने डावीकडे मान वळवून पाहिली. घशात पाणी गेलं. पुन्हा वळवली. मग सवयीने उजवीकडे वळली. तिकडे करडं पाणी होतं आणि त्याच्यावर करडं आभाळ. तीन हात, आणि पुन्हा तेच. पुन्हा तेच.

ती थांबली. बचावासाठी फिरणारी एक कयाक जवळ आली. आतल्या थोराड बाईने नावेचं टोक तिच्यापुढे केलं.

"धर, धर घट्ट. श्वास घे आधी. पुढे जायचंय की काठावर नेऊ?"

सिसेलने दोन्ही हातांनी टोक धरलं. दात वाजत होते.

"मला हे कधीच आवडलं नाही," ती म्हणाली.

"मग सोड ना बाई. कुणी जबरदस्ती केलीय?"

सिसेलचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. ती मोकळ्या पाण्याकडे बघत होती. मग आवाज चढला, इतका की कयाकमधली बाई वल्हं थांबवून बघत राहिली.

"मी दर रविवारी येत होते, बाबा. बारा वर्षं. समोर बसत होते. मी नुसती बसलेली असताना तुला माझ्याशी बोलता येत नव्हतं का?"