आप्पांच्या माळावरचे खड्डे

नाथाजीआप्पा गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी कडेगावजवळच्या माळावर शंभर खड्डे तयार होते.

आप्पांनी परमुलखात सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात उमेदीची वर्षं घालवली. गावी परतल्यावर त्यांनी हा माळ विकत घेतला आणि सरळ शाळेला देऊन टाकला. दर शनिवारी ते पोरांना तिथं पोटावर पालथं झोपवून गवत बघायला लावत. "झाडाला सगळी हात जोडत्यात, गवताला कोण जोडतंय?" असं म्हणत. दहावीतली प्रांजल त्यांची सगळ्यात बडबडी चेली.

आता या भागात बरेच लोक राख नदीत सोडत नाहीत. खड्ड्यात घालून वर रोप लावतात. आप्पांच्या मुलानं, इंद्रजितनं, पाहुण्यांना निरोपच धाडला होता की हार नकोत, रोपं आणा. जो तो आंबा, चिंच, वड घेऊन आला होता. सगळ्यांचे डोळे ओले. यात वाईट कुणीच नव्हतं, हीच तर पंचाईत.

काल सकाळी जेसीबी माळावर शिरला तेव्हाच प्रांजलनं तो शाळेच्या कुंपणातून पाहिला होता. दुखवट्याच्या घरी आपण पोरीनं काय बोलायचं, म्हणून ती गप्प राहिली.

इंद्रजित राखेचं गाडगं घेऊन पहिल्या खड्ड्यापाशी वाकला, तेव्हा मात्र तिला राहवेना.

"काका, हितं नका लावू."

"का गं?"

"आप्पांना हा माळ गवताचाच पाहिजे होता. झाडं वाढली की सावलीत हे गवत टिकत न्हाई. चंडोल भुईवर घरटं करतो. तो कुठं जाईल?"

मागून एक पाहुणे म्हणाले, "झाडं लावू नका म्हणतीया पोरगी. शाळेत ह्येच शिकिवत्यात व्हय?"

"व्हय. आप्पांनीच शिकवलं."

इंद्रजितचा चेहरा उतरला. "मला कवा बोललं न्हाईत आप्पा."

"तू कवा इचारलंस?" त्याची आई, मंगलआजी, हळूच म्हणाली. "मला रोज सांगायचं. मी म्हणायची, गवताचं काय एवढं कवतिक."

तिनं गाडगं त्याच्या हातातून घेतलं आणि न खणलेल्या गवतात शिरून मूठमूठ राख सोडत गेली. कुणीही तिच्यामागं गेलं नाही.

रोपं शाळेच्या कुंपणाकडेनं लागली, पाहुणे पांगले. दुपारी प्रांजलचा वर्ग खड्डे बुजवायला आला. इंद्रजितनंही फावडं घेतलं. माती परत आत गेली, पण गवत मुळं वर करून सुकत पडलं होतं. अजून निसवलंही नव्हतं. त्याला बी धरलेलं नव्हतं.

"परत उगवंल का गं?" इंद्रजितनं विचारलं.

प्रांजलनं सवयीनं मागं वळून पाहिलं. असलं काही अडलं की ती आप्पांनाच विचारायची. मागं नुसता वारा होता, आणि लांबवर आजी खाली बसलेली.

"म्हाईत न्हाई, काका," ती म्हणाली. "मी काल बोलायला पाहिजे होतं."

तो फावडं उचलून पुढच्या खड्ड्याकडे वळला. अजून साठेक उरले होते.